लॅटिन कुणी शिकायचे?

अमेरिकेत 'क्लासिकल ख्रिश्चन' शाळांची चळवळ गेली चाळीसेक वर्षे वाढते आहे. तिचे समर्थक डोरोथी सेयर्स या इंग्लिश लेखिकेच्या १९४७ मधील ऑक्सफर्डच्या भाषणाचा दाखला देतात. मुलांना विषय शिकवले जातात, पण शिकावे कसे हे शिकवले जात नाही, ही सेयर्सबाईंची तक्रार होती. उपाय म्हणून त्यांनी मध्ययुगातील त्रयी सुचवली: व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व. ही तीन हत्यारे हाती आली की माणूस आयुष्यभर स्वतःच शिकत राहतो, असा त्यांचा विचार. १९८१ मध्ये आयडाहो राज्यातल्या मॉस्को गावी याच धर्तीवर लोगोस स्कूल निघाले आणि पुढे अशा शाळा देशभर पसरल्या.

माणसाने आजन्म विद्यार्थी राहावे, याला आमचा विरोध नाही. बाबासाहेबांच्या अनुयायांचा तो असूच शकत नाही. आमचा प्रश्न एवढाच, की हे उच्च शिक्षण आजवर कुणाला दिले आणि कुणाला नाकारले?

लोगोस स्कूलचे एक संस्थापक डग्लस विल्सन यांनी १९९६ मध्ये एका सहलेखकासह एक पुस्तिका लिहिली. दक्षिणेतली गुलामगिरी सांगतात तेवढी वाईट नव्हती, अशी बाजू तिच्यात मांडली आहे. तर्कशास्त्राचा पुरस्कार करणाऱ्याने असे लिहावे याचे आम्हाला नवल वाटत नाही. आपल्याकडेही न्याय आणि मीमांसा कोळून प्यायलेल्यांनी अस्पृश्यतेचे समर्थन केलेच ना? न्यायशास्त्र शिकून न्यायबुद्धी येतेच असे नाही.

मग हे ज्ञानच फेकून द्यायचे का? मुळीच नाही. त्यासाठी ॲना ज्युलिया कूपर यांचे आयुष्य पाहावे. १८५८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात त्या गुलाम म्हणूनच जन्मल्या. गुलामगिरी संपल्यावर चर्चने काढलेल्या शाळेत गेल्या. तिथे ग्रीकचा वर्ग पाद्री होणाऱ्या मुलांसाठी होता. कूपर यांनी त्यात आपली जागा मिळवली. पुढे त्या वॉशिंग्टनच्या एम स्ट्रीट या कृष्णवर्णीयांच्या शाळेत लॅटिन शिकवू लागल्या, मुख्याध्यापक झाल्या आणि त्यांचे विद्यार्थी हार्वर्डसारख्या विद्यापीठांत पोचू लागले. तेव्हा काळ्या मुलांना हातकाम शिकवावे, लॅटिन कशाला, असा सूर जोरात होता. या वादात १९०६ मध्ये कूपर यांचे पद गेले.

त्या थांबल्या नाहीत. १९१४ मध्ये त्यांनी कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरेटचा अभ्यास सुरू केला. बाबासाहेब तेव्हा तिथेच शिकत होते. पुढच्याच वर्षी कूपर यांनी भावाच्या घरातली पाच नातवंडे सांभाळायला घेतली, तरी अभ्यास सोडला नाही. १९२५ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. प्रबंधाचा विषय होता, फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात फ्रान्सची गुलामगिरीविषयीची भूमिका. त्यानंतर नोकरी-मजुरी करणाऱ्या प्रौढ कृष्णवर्णीयांसाठी चालणाऱ्या एका संस्थेची धुरा त्यांनी घेतली आणि तिचे वर्ग स्वतःच्या घरात भरवले.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. महात्मा फुले पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८७३ मध्ये 'गुलामगिरी' त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या कष्टाने मिळवले, पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांवर काम केले. 'बुद्ध आणि त्याचा धम्म'वर तर ते १९५६ च्या डिसेंबरपर्यंत, अखेरच्या दिवसांतही काम करीत होते.

आज दार बंद करण्याची भाषा बदलली आहे. आम्ही वस्तीत काम करतो तेव्हा ती रोज ऐकतो. बारावीला चांगले गुण मिळवलेल्या मुलीला सांगतात, "पार्लरचा कोर्स कर, लगेच कमावशील. तत्त्वज्ञान घेऊन काय करणार?" कौशल्य वाईट नाही, पोट प्रत्येकाला आहे. पण हा सल्ला आपल्याच मुलीला का मिळतो? प्राध्यापकाच्या मुलीला तो कुणी देत नाही. एम स्ट्रीटच्या वेळचेच हे बोलणे आहे.

आमच्या विहारातल्या वाचनवर्गात धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी येतात. वय पंचावन्नच्या पुढे. "या वयात शिकून नोकरी लागणार का?" असे त्यांना कुणीतरी विचारले. त्या म्हणाल्या, "नोकरी नको बाबा. इतके दिवस लोकांनी सांगितलं ते ऐकलं. आता काय लिहिलंय ते मी वाचणार." बुद्धाने कालामांना हेच सांगितले होते. ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा. जे शिक्षण आपल्या धर्मग्रंथापाशी येऊन प्रश्न थांबवते, ते मग ख्रिस्ती असो, वैदिक असो की आपले स्वतःचे, ते आजन्म कसे टिकेल?

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. आपल्या मुलांनी कौशल्य शिकावे आणि पालीही शिकावी, संस्कृत शिकावे, तर्कशास्त्र शिकावे, हवे तर लॅटिनही. आणि प्रत्येक विहारात वंदनेनंतर एक तास मोठ्या माणसांच्या वाचनाचा असावा. त्यासाठी देणगी लागत नाही. सतरंजी, दिवा आणि एक पुस्तक पुरते.

जय भीम.