वहीतील तीन प्रश्न

गुन्हेगारीशास्त्र हा शब्द कानी पडताच आपल्या खेड्यांतील माणसांच्या डोळ्यांपुढे बेड्या आणि उंच भिंती उभ्या राहतात. आमच्या धर्मग्रामातील एका मुलीने मुंबईस समाजकार्याच्या उच्च शिक्षणासाठी हा विषय घेतला, तेव्हा तिची आई काकुळतीने आम्हांस म्हणाली, "फादर, पोरीला एवढे शिकवले ते काय कैद्यांत बसायला? उद्या स्थळ कोण सांगून येईल?" आईची काळजी खोटी नव्हती. मुलगी काय शिकते ते आधी तिच्याच तोंडून ऐकावे, एवढेच आम्ही सुचविले.

नाताळात ती आली. तिने सांगितलेली हकीकत वाचकांनीही ऐकण्याजोगी आहे.

आपल्या देशात समाजकार्याचे पदवीशिक्षण मुंबईस १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने निघालेल्या शाळेत सुरू झाले. तिचीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली, आणि तिच्यातूनच १९९० साली कैद्यांसाठी झटणारा 'प्रयास' हा उपक्रम निघाला. या विद्येचे निम्मे शिक्षण वर्गाबाहेर होते. विद्यार्थ्याने प्रत्यक्ष काम करावे, प्रत्येक भेटीचा वृत्तान्त वहीत लिहावा आणि अध्यापकाने तो त्याच्यासह तपासावा, अशी रीत आहे.

एका तरुण कैद्याविषयी या मुलीने लिहिले होते, 'घरच्यांना याची पर्वा नाही.' अध्यापिकाबाईंनी ते वाक्य खोडले नाही. शेजारी तीन प्रश्न मात्र लिहिले: तू काय पाहिलेस? काय ऐकलेस? आणि मनाने काय ठरविलेस?

मुलगी त्याच्या घरी गेली. बाप रोजंदारीवर जाणारा. मुलगा कोणत्या तुरुंगात आहे हेच त्यास ठाऊक नव्हते. पुढे बापलेकांची मुलाखत झाली, जामिनाचे कागद गोळा होऊ लागले. वहीतील ते वाक्य मग मुलीने स्वतःच खोडले.

हे खोडणे क्षुल्लक नव्हे. २०२२ च्या अखेरीस आपल्या देशातील तुरुंगांत दर चार माणसांपैकी तीन कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांचा अपराध अद्याप शाबीत व्हावयाचा होता. शिवाय, अपराध शाबीत झाल्यावरही १९५८ च्या परिवीक्षा कायद्याप्रमाणे कित्येकांस तुरुंगाऐवजी सद्वर्तनाच्या हमीवर सोडता येते. त्यापूर्वी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल आला असल्यास न्यायाधीशांनी तो विचारात घ्यावा लागतो. उद्या असा अहवाल लिहिणाऱ्या हाताला आज कोणी तरी सावकाश लिहावयास शिकविलेच पाहिजे. एका घाईच्या वाक्यापायी एखाद्या पोराची उमेदीची वर्षे जाऊ शकतात.

असो. आपल्या मुलामुलींना या विद्येची ओढ वाटली, तर घरच्यांनी आडवे येऊ नये. आणि तुरुंगातून सुटलेला एखादा तरुण आपल्या गावी परतला, तर त्याच्याविषयी चावडीवर बोलण्यापूर्वी ते तीन प्रश्न आपणही स्वतःस विचारावेत. त्यासाठी मुंबईस जावे लागत नाही.