आयत्या बिळावरचा नागोबा

मार्क कॅव्हेंडिशला मी दहा-बारा वर्षं आयत्या बिळावरचा नागोबा म्हणत आलो. सिंहगड उतरल्यावर खडकवासल्याला भजी खाताना म्हटलं, घरी टीव्हीसमोर म्हटलं, आणि टाळी घेत म्हटलं. युक्तिवाद सरळ होता. टूर द फ्रान्सच्या सपाट टप्प्यावर एकशेऐंशी किलोमीटर वारा दुसऱ्यांनी फोडायचा, बाटल्या दुसऱ्यांनी आणून द्यायच्या, पळून पुढे गेलेल्यांना दुसऱ्यांनीच ओढून परत आणायचं. आणि शेवटच्या दोनशे मीटरवर हे महाशय कुणाच्या तरी पाठीमागून बाहेर येणार, दोन्ही हात वर करणार. २००८ मध्ये त्याने असे चार टप्पे जिंकले, २००९ मध्ये सहा. त्या सहापैकी शेवटचा पॅरिसमधला. तिथे त्याला पुढे सोडणारा त्याचाच साथीदार मार्क रेनशॉ दुसरा आला. बाकीचे इतके मागे होते की ओढणाऱ्यालाही दुसरा नंबर मिळाला! मी तेव्हा म्हणालो होतो, बक्षीस खरं तर रेनशॉला द्या.

माझं सायकलिंगचं दैवत वेगळं होतं. मुंबई-पुणे शर्यतीत खंडाळ्याच्या चढावर जो पहिला येतो त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. लहानपणी ते दोन शब्द ऐकले आणि पुढची तीस वर्षं सायकलस्वार म्हणजे घाटवाला, हे डोक्यात पक्कं बसलं. पुढे मार्को पॅन्टानी भेटला, म्हणजे पडद्यावर. १९९८ चा जुलै, पाऊस, धुकं, गालिबिएचा घाट. हा टकलू मुठी हँडलच्या खालच्या भागावर ठेवून पॅडलवर उभा राहतो आणि सुटतो. त्या दिवशी आघाडीवरच्या यान उलरिखने त्याच्यापुढे जवळजवळ नऊ मिनिटं गमावली. ते चित्रीकरण मी इतक्यांदा पाहिलंय की कुठल्या वळणावर कोण प्रेक्षक उभा आहे ते सांगेन. २०१३ मध्ये फ्रेंच सिनेटच्या अहवालातून त्या वर्षीच्या नमुन्यांची फेरतपासणी बाहेर आली. ईपीओ हे बंदी असलेलं औषध सापडलेल्यांच्या यादीत पॅन्टानी होता, उलरिखही होता. मला वाईट वाटलं, पण दैवत काही हललं नाही. औषध घेऊनही घाट चढावाच लागतो ना, अशी मी स्वतःची समजूत घातली. कॅव्हेंडिशला मात्र दुसऱ्याच्या आडोशाला बसल्याबद्दल माफी नव्हती. आता लिहिताना हा हिशेब किती विचित्र होता ते दिसतं.

आडोशाचं गणित मला ठाऊक नव्हतं असं नाही. पुढच्या सायकलच्या मागे हातभर अंतरावर राहिलं तर एक-तृतीयांश तरी ताकद वाचते. हे कुणी शिकवावं लागत नाही, हडपसरहून सासवड रस्त्याला लागलं की दहा मिनिटांत कळतं.

तो रस्ता आला म्हणून एक कबूल करून टाकतो. नव्वदीच्या दशकात आमची चौघांची टोळी होती. दर रविवारी पहाटे दिवे घाट, सासवड, कधी जेजुरी. त्यातला एक मित्र अंगाने दणकट, सपाटीवर रेड्यासारखा चालायचा. वडकीपर्यंत तोच पुढे. समोरून वारा असला की आम्ही तिघं त्याच्या रुंद पाठीमागे निवांत, गप्पा मारत. घाट सुरू झाला की त्याचं वजन बोलायला लागायचं, आणि आम्ही तिघं भुर्रकन पुढे. वर पोचलो की चहा, क्रीमरोल, सिगारेटवाल्याची सिगारेट. वीस-पंचवीस मिनिटांनी तो घामाने निथळत वर यायचा आणि आम्ही उठायचो. “चला, आला हा.” म्हणजे आमचा विसावा पुरा, त्याचा सुरूच नाही. एकदा तो म्हणाला, “अरे, दोन मिनिटं थांबा की.” मी म्हणालो, “घाट चढता येत नसेल तर रंकाळ्याला चक्कर मार.” तो कोल्हापूरचा. सगळे हसले, तोही हसला. त्या पावसाळ्यानंतर तो आला नाही. गुडघा दुखतो म्हणाला.

वडकीपर्यंत मी काय करत होतो, हा प्रश्न मला पुढे वीस-पंचवीस वर्षं पडला नाही.

माझं मत पुस्तक वाचून किंवा कुणाशी वाद घालून बदललं असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. ते बदललं माझं पोट सुटल्यामुळे. २०२० च्या जानेवारीत, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मी दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला नाव दिलं. पुण्याहून वाई, पसरणी घाट चढून पाचगणी आणि परत. ब्रेव्हेत नंबर नसतो, फक्त मर्यादा असते: दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास. सकाळी सहाला सुटायचं, साडेसातच्या आत कार्डावर शेवटचा शिक्का. घाटाचा राजा मी! खंबाटकीतच मांड्या भरल्या. पसरणीत माझ्यामागे कुणी उरलं नाही. परतताना मी रस्ता बघणं सोडून घड्याळच बघत होतो. बाटली भरायला चार मिनिटं, म्हणजे पुढे ताशी किती. चाक मऊ वाटतंय, उतरून बघू की तसंच जाऊ. शिरवळच्या पुढे एक पंचविशीचा पोरगा मागे आला, तो पंक्चरमुळे खोळंबला होता. त्याला एकट्याला आरामात जाता आलं असतं. तो माझ्या पुढे येऊन म्हणाला, “काका, चाकाला चिकटून या, बोलू नका.” कात्रजच्या बोगद्याच्या चढावर तो दोनदा हळू झाला. सात वाजून एकवीस मिनिटांनी शिक्का बसला. माझ्या आयुष्यातल्या एकाही घाटावर मी इतका जीव काढला नव्हता, आणि मी शेवटून दुसरा होतो. शेवटचा तो, शिक्क्यासाठी त्याने मला पुढे केलं.

म्हणून २०२१ ची टूर मी वेगळ्या डोळ्यांनी पाहिली, असं मोठेपणाने म्हणता येईल. खरं तर माझे डोळे आपोआपच मागे जायला लागले होते.

तोवर कॅव्हेंडिश संपल्यात जमा होता. आयल ऑफ मॅनचा हा पोरगा शाळेनंतर बँकेत नोकरी करून पैसे साठवत सायकलिंगमध्ये आला. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत त्याचे आकडे इतके साधे की ब्रिटिश सायकलिंगच्या अकादमीत तो जेमतेम घेतला गेला. मग वैभवाची वर्षं. २०१७ मध्ये एपस्टीन-बार विषाणूचा आजार, पाठोपाठ नैराश्य. ऑक्टोबर २०२० मध्ये गेंट-वेव्हेलगेम शर्यतीनंतर, ही कदाचित आपली शेवटची शर्यत, असं सांगताना तो कॅमेऱ्यासमोर रडला. जुन्या बेल्जियन संघाने अखेर त्याला ठेवून घेतलं, पण टूरच्या यादीत तो नव्हताच. संघातल्या सॅम बेनेटचा गुडघा दुखावला म्हणून ऐनवेळी याची वर्णी लागली, आणि चौथ्या टप्प्यात, फूजेरला, पाच वर्षांनी तो टूरमध्ये जिंकला.

मला मात्र त्यापेक्षा नववा टप्पा आठवतो. ४ जुलै, क्लूजहून तीन्य, थंडी आणि पाऊस, घाटामागून घाट. बेन ओकॉनर नावाचा ऑस्ट्रेलियन एकटा जिंकला. पूर्वी मी तिथे टीव्ही बंद केला असता. त्या रात्री मी बसून राहिलो.

टूरमध्ये प्रत्येक टप्प्याला दार बंद होण्याची वेळ असते. पहिला किती वेळात पोचला त्यावर टक्केवारी लावून ती ठरते. टप्पा जितका अवघड तितकी सवलत जास्त. त्या वेळेत पोचला नाहीस तर उद्या सकाळी सायकल गाडीत, तू घरी. अंगाने जड, मांड्या जाड, असे सगळे स्प्रिंटर घाटात मागे एकत्र जमतात. त्या घोळक्याला इटालियनमध्ये ग्रुपेटो म्हणतात, फ्रेंच त्याला चक्क ‘बस’ म्हणतात. चढावर आपल्या गतीने, दरीत सगळे मिळून जोर, उतारावर ब्रेक कमीत कमी. वेळेचा हिशेब सतत चालू. पुढे कुणा तरुणाला जिंकण्याचा झटका आला की मागच्यांची मुदत आक्रसते. त्यातही आक्रसण्याची बातमी गाडीतून कानात येते तेव्हा ते घाटाच्या मधोमध असतात.

त्या दिवशी मुदत विजेत्यानंतर सदतीस मिनिटांच्या आसपास होती. कॅव्हेंडिश पोचला तेव्हा दीड मिनिट उरलं होतं. बरोबर त्याचे साथीदार, त्यात मिखाएल मोर्कोव्ह, म्हणजे एरवी शेवटच्या मीटरांत त्याला पुढे सोडणारा गडी. इथे तो त्याला मागे सोडत नव्हता. फ्रान्सचा आर्नो देमार, तोही नावाजलेला स्प्रिंटर, बाहेर गेला. आणि निकोलस डलामिनी, टूर खेळणारा दक्षिण आफ्रिकेचा पहिला कृष्णवर्णीय, पडून-झडून, दार केव्हाच बंद झाल्यावर, विजेत्यानंतर जवळजवळ दीड तासाने एकटा रेषेवर आला. गाडीत बसला असता तरी कागदावर फरक पडला नसता.

कॅव्हेंडिशने त्या टूरमध्ये चार टप्पे जिंकून एडी मर्क्सच्या चौतीस टप्प्यांच्या विक्रमाची बरोबरी केली. चारपैकी दोन तीन्यनंतरचे, व्हालान्स आणि कारकासोनचे. म्हणजे त्या दीड मिनिटातून निघालेले. आकाराला आलेलं वारूळ बघून मी नागोबा म्हणत होतो. मुंग्यांत तोही होता, हे मला दिसायचं नाही, कारण तो जिथे राबत होता तिथे कॅमेरा क्वचित जातो.

सगळंच मत बदललं असं नाही. स्प्रिंट मला अजूनही आवडत नाही. कोपरं, खांदे, सत्तरच्या वेगात एकमेकांच्या रेषेत शिरणं. २०१० मध्ये रेनशॉने शेजारच्याला डोक्याने ढुशा दिल्या आणि त्याला हाकललं गेलं, ते मला तेव्हाही योग्य वाटलं, आजही वाटतं. सपाट टप्प्याला मी शेवटच्या पाच किलोमीटरपर्यंत चहाच करत असतो.

पण २०२४ मध्ये ३९ वर्षांचा कॅव्हेंडिश पस्तिसाव्यासाठी परत आला, तेव्हा मी पहिल्या दिवसापासून कागद-पेन घेऊन बसलो. फ्लॉरेन्सहून रिमिनीच्या उन्हात तो सायकलवरच ओकत होता, साथीदार अंगावर पाणी ओतत होते. दार बंद व्हायच्या आत कसाबसा आला. चौथ्या दिवशी गालिबिए. पॅन्टानीचा गालिबिए, फक्त उलट दिशेने. पॅन्टानी ज्या बाजूने उतरला होता ती बाजू यांना चढायची होती. पुढे पोगाचार सुटला, सगळं जग त्याच्याकडे बघत होतं, आणि मी माझ्याच दैवताच्या डोंगरावर शेवटची बस कुठवर आली ते शोधत होतो. आली. दुसऱ्या दिवशी, ३ जुलैला, सँ-व्हुल्बासला कॅव्हेंडिशने यास्पर फिलिप्सनला मागे टाकून पस्तिसावा टप्पा जिंकला.

त्या रात्री मी कोल्हापूरच्या मित्राला फोन लावला. दिवाळीच्या शुभेच्छांपलीकडे आमचं कित्येक वर्षांत बोलणं नव्हतं. मी सगळं सांगितलं: गालिबिए, मुदत, बस, आणि वडकीपर्यंतचा वारा. तो बराच वेळ हूं हूं करत होता. मग म्हणाला, “हे कॅव्हेंडिश कोण रे?”

मी पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लागलो, तर म्हणाला, “ते असू दे. त्या टपरीवरचा क्रीमरोल अजून मिळतो का? मी पोचेपर्यंत तुम्ही कायम संपवलेला असायचा.”