बिवाची जवारी

तोक्योच्या ऑपेरा सिटीतलं ते सभागृह संगीतकार तोरू ताकेमित्सूंच्या नावाचं आहे. उघडलं १९९७ साली, ते गेल्याच्या दुसऱ्या वर्षी. तिथे त्यांचं 'नोव्हेंबर स्टेप्स' आहे कळल्यावर ऑफिसातल्या एका सहकारिणीबरोबर मीही तिकीट काढलं. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रातलं मला फार कळत नाही. लहानपणी गाणं शिकलो, त्या जोरावर जाऊन बसलो.

मंचावर तंतुवाद्यांचे डावा-उजवा असे दोन तट, हार्पही दोन. पुढे दोनच वादक. एकाकडे शाकुहाची, म्हणजे बांबूची उभी बासरी. दुसऱ्या वादक एक बाई, त्यांच्या हातात बिवा, म्हणजे तारांचं जपानी वाद्य. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने आपल्या १२५व्या वर्षासाठी ही रचना करून घेतली आणि ९ नोव्हेंबर १९६७ला कंडक्टर सेइजी ओझावांनी ती तिथे प्रथम सादर केली. दोन संगीतांचा मेळ घालायचा नाही, त्यांचं वेगळेपण तसंच समोर ठेवायचं, हा ताकेमित्सूंचा हट्ट. ऑर्केस्ट्रा नुसता पसरत, विरत राहतो. मधेमधे मला चक्क कंटाळा आला.

मग बाईंनी पंख्याएवढ्या नखीने तार छेडली आणि मी खुर्चीत पुढे सरकलो. अहो, ही तर जवारी! तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवत आमचे गुरुजी हीच झणझण शोधत बसायचे. मात्र तानपुऱ्याची झणझण अखंड, गाणाऱ्याला आधार देणारी. इथे एकच आघात, आणि तो विझेपर्यंत सगळे थांबलेले. शाकुहाचीचा अर्धा सूर तर नुसता श्वासच. हे झेन भिक्षूंचं वाद्य. वेळूच्या बनातून जाणाऱ्या वाऱ्यासारखा नाद निघावा, हा त्या वादकांचा ध्यास, असं ताकेमित्सूंनी लिहिलंय. शेवटाकडे हे दोघंच बराच वेळ वाजवतात. कंडक्टरचे हात खाली, ऑर्केस्ट्रा गप्प. कुठे पाखरं नाहीत, झरे नाहीत, तरी त्या खरखरीत रान होतं.

बाहेर पडल्यावर सहकारीण म्हणाली, "मी बिवा प्रत्यक्ष आज पहिल्यांदाच ऐकला." नवल नाही. खुद्द ताकेमित्सूंनाही युद्धाच्या आठवणींमुळे जपानी संगीत नकोसं झालं होतं. पुढे बुनराकूच्या बाहुल्यांच्या खेळातल्या शामिसेन या तंतुवाद्याने त्यांना परत वळवलं. जेवताना मी तिला फोनवरचा तानपुरा लावून दिला. तिने मन लावून ऐकलं आणि विचारलं, "गाणं कधी सुरू होणार?"