मीटरचा फळा

माझं गाव सोनगीर. मुंबई-आग्रा रस्त्यावर, धुळ्यापासून 20 एक किलोमीटर. किल्ला आणि तांब्या-पितळेची भांडी ही गावाची ओळख. ऑफिस धुळ्याला, त्यामुळे रोज बसने ये-जा.

तर झालं असं, की मागच्या मे महिन्यात ऑफिसचं वीजबिल बघून साहेब भडकले. खानदेशातला उन्हाळा, पारा 45 च्या आसपास, बिल वाढणारच. पण कोणीतरी साहेबांच्या कानात घातलं, की रात्री वॉचमन एसी लावून झोपतो. झालं! साठीला आलेला माणूस, नोकरी जायची वेळ आली. आणि खरं सांगायचं तर तेव्हा मीही मान डोलावली होती.

घरी अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे माझे काका, जन्मभर तांबटकाम केलेले. त्यांनी एकच विचारलं, "बिल कोन भरस रे भाऊ?"

ऑफिस भरतं, दुसरं कोण!

अण्णा सांगतात, तांबं ठोकताना बोलतं. पत्रा कडक झाला की आवाज बदलतो, मग तो पुन्हा भट्टीत तापवून नरम करायचा. ऐकलं नाही तर पत्रा चिरतो. कोळसाही स्वतःच्या पैशाचा, म्हणून भाता लागेल तेवढाच. आमच्या ऑफिसात मात्र वीज कुणाशी बोलतच नाही. बिल येतं महिन्याने, तेही अकाउंट्सच्या टेबलावर.

मग एक उद्योग केला. दाराशी फळा टांगला. संध्याकाळी निघताना आणि सकाळी आल्यावर मीटरचा आकडा लिहायचा. पहिल्या रात्रीचे युनिट निघाले 41. तिसऱ्या दिवशी मुद्दाम सगळ्यात शेवटी थांबलो आणि वॉचमनकाकांबरोबर चक्कर मारली. आमच्याच सेक्शनमधले दोन्ही एसी चालू, 18 वर! प्रत्येकाला वाटत होतं दुसरा बंद करेल. रिमोट होता माझ्या ड्रॉवरमध्ये. आणि काका? ते बाहेर पोर्चमध्ये, टेबलफॅनसमोर.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर 6 आला. साहेबांना मीच जाऊन सांगितलं.

18 चं कोडंही उलगडलं. आम्हाला वाटायचं, आकडा कमी ठेवला की खोली लवकर गार होते. पण साध्या एसीचा कॉम्प्रेसर 18 ला आणि 24 ला सारख्याच जोराने चालतो. आकडा फक्त कुठे थांबायचं ते सांगतो. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या हिशोबाने एकेक अंश वर ठेवला की सुमारे 6 टक्के वीज वाचते. म्हणून तर जानेवारी 2020 पासून स्टार लेबलचे एसी मुळातच 24 वर लावलेले येतात. पण बटण दाबायला कितीसा वेळ लागतो?

जूनमध्ये आठ दिवस रजेवर गेलो. फळा कोरा राहिला. आल्यावर बघतो तर रात्रीचे 29! म्हणजे आम्ही शहाणे झालो नव्हतो, फक्त आकडा समोर होता.

आता फळा वॉचमनकाका लिहितात. त्यांची माफी मागितली तेव्हा ते नुसते हसले आणि खडू मागितला.

असो. तुमच्या ऑफिसात शेवटचा एसी कोण बंद करतं?