पोकळ खांबांच्या नगरीत

पुण्याहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ६५ सोलापूर, नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद, हैदराबाद असं करत थेट आंध्रच्या किनाऱ्यावर मछलीपट्टणमला जातो. आम्हा सोलापूरकरांच्या तोंडी तो ‘हैदराबाद रोड’. याच रस्त्यावर, हैदराबाद ओलांडून विजयवाड्याकडे निघालं की रामोजी फिल्म सिटी लागते. लहान मुलांना घेऊन कुठे जायचं, हा प्रश्न घरात निघाला तेव्हा खोपोलीच्या इमॅजिकाचं नावही पुढे होतं. अंतर दोन्हीकडे जवळपास सारखंच, तीनशे किलोमीटरच्या आसपास. पण थोरली सात वर्षांची, धाकटा चारचा. उंच, वेगवान राइड्सना उंचीची अट असते आणि धाकटा त्या पट्टीच्या बराच खाली. जिथे बघायला जास्त आणि रांगेत उभं राहायला कमी असेल, तिथे जावं असं ठरलं आणि गाडीचं तोंड पूर्वेला वळलं.

मुलं बरोबर असली की प्रवास त्यांच्या भुकेच्या आणि झोपेच्या वेळा बघून आखावा लागतो. म्हणून पहाटे अंधारात निघालो. दोघं चादरीत गुरफटून मागे झोपली होती, शेजारी सासूबाई. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि शेंगाच्या पोळ्या. हे जिन्नस खराब होत नाहीत, सांडत नाहीत आणि मुलं चालत्या गाडीतही खातात.

पहिला थांबा नळदुर्गचा किल्ला. बोरी नदीवर दगडी बंधारा आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल. १६१३ साली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात तो बांधला गेला. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि महालात बसलेल्या माणसासमोरून पाणी पडत राहतं. आम्ही गेलो तेव्हा हिवाळा होता, पाणी वरून वाहत नव्हतं. तरी थोरली भिंतीला हात लावून बराच वेळ उभी होती. “वरून एवढं पाणी पडलं तर आत बसलेले भिजत नव्हते?” बांधणाऱ्याने पाण्याचा लोट भिंतीपासून पुढे पडेल अशी योजना केली होती, हे नवऱ्याने तिला महालाच्या सज्जात उभं करून हाताने दाखवलं. मग तिने तेच आजीला दाखवलं, आणि आजीने धाकट्याला. संपूर्ण सहलीत मुलं जे करणार होती त्याची ही सुरुवात होती. समोरची गोष्ट कशी केली असेल, हे त्यांना विचारायचं होतं.

उमरगा सोडल्यावर पाट्यांवरची लिपी बदलायला लागते. मराठी संपते, कन्नड सुरू होते आणि जहिराबादच्या अलीकडे तेलुगू. नुकतंच वाचायला शिकलेल्या मुलीसाठी यापेक्षा मोठा खेळ नाही. सोलापुरात या तिन्ही भाषा एका गल्लीत ऐकू येतात. आमच्या शेजारी पद्मशाली कुटुंब आहे, त्यांच्या मुलांबरोबर खेळून आमची दोघं पाणी मागण्यापुरतं तेलुगू सहज बोलतात. कानावरून गेलेल्या भाषा रस्त्याकडेला लिहिलेल्या दिसल्यावर थोरली खिडकीला नाक लावून गोल गोल अक्षरं हवेत गिरवत राहिली.

हैदराबाद शहरात शिरायची गरज पडली नाही. पटणचेरूजवळ आउटर रिंग रोडला लागलं आणि पेद्दा अंबरपेटला उतरलं की आपण पुन्हा महामार्ग ६५ वर येतो. मुक्कामी लवकर पोचलो, मुलांना पोटभर खाऊ घालून झोपवलं. लहान मुलांना घेऊन दिवसभर पायी फिरायचं असेल तर आदल्या रात्रीची झोप फार महत्त्वाची, आणि ती प्रवासातच संपवू नये.

रामोजी फिल्म सिटी १९९६ साली उभी राहिली. १,६६६ एकरांवर पसरलेलं जगातलं सर्वांत मोठं चित्रपट स्टुडिओ संकुल म्हणून तिची गिनीज बुकात नोंद आहे. तिचे संस्थापक रामोजी राव यांनी १९७४ साली ‘ईनाडू’ हे तेलुगू दैनिक सुरू केलं होतं. जून २०२४ मध्ये ते गेले. मराठी घरांचाही या जागेशी संबंध आहे. २००० साली सुरू झालेल्या ‘ई टीव्ही मराठी’च्या बातम्या इथूनच दिल्या जायच्या. महाराष्ट्रातले कितीतरी तरुण पत्रकार तेव्हा हैदराबादेत येऊन राहिले आणि आमच्या सासूबाई ज्या बातम्या संध्याकाळी न चुकता बघायच्या, त्या या डोंगराळ माळावरून येत होत्या. हे कळल्यावर त्या ठिकाणाकडे त्या वेगळ्याच आपुलकीने बघायला लागल्या.

आत गेल्यावर लाल रंगाच्या, जुन्या घाटणीच्या बसमधून सेट दाखवतात. परदेशी वाटावा असा रस्ता, मुघल पद्धतीची बाग, विमानतळ, रेल्वे स्टेशन. एकाच इमारतीची एक बाजू एका सिनेमात एक असते, दुसरी बाजू दुसऱ्यात भलतीच. स्टेशनवरचा नावाचा फलक बदलला की गावच बदलतं, असं गाइडने सांगितलं तेव्हा थोरलीने लगेच विचारलं, “मग इथे सोलापूरचं स्टेशन करता येईल?” येईल की! पिवळ्या फलकावर काळ्या अक्षरांत नाव लिहायचा अवकाश.

‘बाहुबली’च्या सेटवर मात्र बस सोडून पायी फिरता येतं. २०१५ आणि २०१७ साली आलेल्या या दोन चित्रपटांचं माहिष्मती नगर साबू सिरिल या कलादिग्दर्शकाने उभं केलं. उंच खांब, कोरीव भिंती, माणूस मुंगीएवढा दिसावा अशी मांडणी. मोठी माणसं फोटो काढत होती. धाकटा एका खांबापाशी थांबला आणि त्याने बोटांच्या पेरांनी दार वाजवावं तसं खांबावर वाजवलं. आवाज पोकळ आला. त्याने पुन्हा वाजवलं. मग कान लावला. मग शेजारच्या खांबाकडे गेला आणि तिथेही वाजवून पाहिलं. दगडासारख्या दिसणाऱ्या त्या खांबाच्या खालच्या कडेला रंगाचा एक पापुद्रा निघाला होता आणि आतून पांढरट थर दिसत होता. तो पापुद्रा बोटाने न उचलता, नुसताच वाकून बघत तो म्हणाला, “आई, हा आतून रिकामा आहे!”

मला क्षणभर वाटलं, आता याचा विरस होणार. तसं काही झालं नाही. पुढचा तासभर तो जे दिसेल ते वाजवत फिरला. भिंत खरी, पायरी खरी, पुतळा रिकामा, कुंडी रिकामी, झाड खरं. त्याची बहीण त्याच्या मागोमाग जाऊन मोठ्याने यादी करत होती. माहिष्मतीचं वैभव त्यांच्या लेखी कमी झालं नाही. उलट एवढा मोठा खांब दगडाशिवाय उभा करणारी माणसं त्यांना बाहुबलीपेक्षा बलवान वाटू लागली.

जगातल्या बहुतेक थीम पार्कांचा विचार याच्या नेमका उलटा आहे. वॉल्ट डिस्ने आपल्या मुलींना गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसवून स्वतः बाकावर बसत असत, आणि आईबाप व मुलं मिळून रमतील अशी जागा हवी हा विचार तिथे मनात आल्याचं त्यांनी सांगितलं आहे. त्यातून १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड झालं. पुढे फ्लोरिडातल्या पार्कखाली तर कर्मचाऱ्यांसाठी भुयारी रस्ते बांधले, म्हणजे एका दुनियेतलं पात्र दुसऱ्या दुनियेतून चालत जाताना दिसू नये, आणि जादू कुठेही उसवू नये. त्या कल्पनेचंही मोल आहे. पण मला रामोजीची रीत मुलांसाठी अधिक मोलाची वाटते. इथे जादू दाखवतात आणि लगेच तिची शिवणही दाखवतात.

‘मूव्ही मॅजिक’ या तिथल्या कार्यक्रमात हे सर्वांत स्पष्ट दिसतं. पहिल्या दालनात प्रेक्षकांतून एका बाईंना बोलावून टांग्यात बसवलं. ‘शोले’तली बसंती, मागे डाकू लागलेले, टांगा भरधाव. प्रत्यक्षात टांगा जागचा हलत नव्हता. मदतनीस तो नुसता गदागदा हलवत होते आणि बाई हातातला चाबूक जोरजोरात उडवत होत्या. दुसऱ्या दालनात या मुक्या दृश्याला आवाज द्यायचे होते. टापांचा, चाकांचा, चाबकाचा, प्रत्येक आवाज वेगळ्या वस्तूतून, प्रेक्षकांतल्याच कुणाच्या तरी हातून. तिसऱ्या दालनात पडद्यावर सगळं एकत्र आलं आणि त्या बाई खरोखर माळावरून टांगा पिटाळत निघाल्या. दालनात टाळ्या पडल्या. धाकटा खुर्चीवर उभा राहून ओरडला, “पण घोडा नव्हताच! घोडा नव्हताच!” पुढे भेटेल त्याला तो हेच सांगत होता, अगदी जेवण वाढणाऱ्या काकांनाही.

दुपारनंतर ऊन चढलं. हैदराबादेत हिवाळ्यातही दुपारचं ऊन लागतं, म्हणून टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या हाताशी ठेवल्या होत्या. मुलं ‘फंडुस्तान’ या लहानग्यांच्या भागात मनसोक्त खेळली. पुढे मोठ्या पाळण्यांपाशी रांग होती, आणि स्टंट शोची वेळही जवळ आली होती. पण धाकट्याचे डोळे मिटायला लागले होते. त्याला रडवत रांगेत उभं करण्यापेक्षा आम्ही कारंज्याजवळची सावली गाठली. तो आजीच्या मांडीवर झोपला. थोरली वाफ्यांना पाणी घालणाऱ्या माळीबुवांच्या मागे मागे फिरत राहिली. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब जातं, हे त्यांनी तिला दाखवलं, आणि पाइप तिच्या हातातही दिला. तिकिटाचे पैसे वसूल व्हायला हवेत असं आईबापांना वाटतं, ते समजण्यासारखंच आहे. पण मुलाचं वसूल वेगळं असतं. त्या वाफ्याजवळ थोरलीचा चेहरा जेवढा फुलला होता, तेवढा दिवसभरात दुसऱ्या कशानेच फुलला नाही.

जे पालक लहानग्यांना घेऊन जाणार आहेत, त्यांना चार गोष्टी आवर्जून सांगते. सेट आणि दालनं सकाळी, मुलं ताजी असताना बघून घ्या, पाळणे नंतर. वाइल्ड वेस्ट स्टंट शोमध्ये बंदुकांचे आणि स्फोटांचे मोठे आवाज होतात, लहान मूल असेल तर मागच्या रांगेत, बाहेर पडायच्या वाटेजवळ बसा. मुलाच्या खिशात पालकांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि हरवलं तर कोणत्या ठळक ठिकाणी थांबायचं ते आत शिरतानाच ठरवा. आणि दिवसातला एक तास पूर्ण मोकळा ठेवा.

सोलापूरच्या मुलांना ही शिवण बघायची सवय गड्ड्याने आधीच लावलेली असते. गड्डा म्हणजे संक्रांतीच्या सुमारास भरणारी सिद्धरामेश्वरांची यात्रा. नंदीध्वज मिरवणुकीने निघतात, अक्षता सोहळा होतो, आणि होम मैदानावर पाळणे उभे राहतात. ते पाळणे तयार स्थितीत येत नाहीत. यात्रेआधी ट्रकमधून लोखंडी तुकडे उतरतात, माणसं दोरखंड आणि पाने घेऊन वर चढतात, आणि आमची मुलं शाळेतून येताना कठड्यापाशी थांबून हे सगळं बघतात. पाळणा जोडणारा माणूस त्यांच्या लेखी पाळण्याइतकाच थोर असतो. रामोजीत त्यांची नजर आपसूक खांबांच्या पोटाकडे का गेली, ते मला त्यावरून उमगलं.

परतीच्या वाटेवर उमरग्याच्या पुढे अंधार पडला. मागे चादर पांघरून बसलेल्या थोरलीने विचारलं, “ह्या चादरीवरचा मोर कुणी काढला?” आम्ही रोज पांघरतो ती भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर, आणि तिच्यावरचा मोर कुणी काढला हे घरातल्या कुणालाही नीट सांगता येईना.

पुढच्याच रविवारी शेजाऱ्यांच्या ओळखीने सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात गेलो. मागाचा आवाज एवढा की बोलणं ऐकू येत नव्हतं. विणकर काकांनी हाताच्या खुणेने मुलांना वर बघायला सांगितलं. मागाच्या डोक्यावर जकार्ड, आणि त्यातून एकापाठोपाठ एक सरकणारी, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि ताण्याचा तो धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. मधून बाण्याचा धागा धावतो. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जकार्डने १८०४ साली काढलेली ही युक्ती सोलापुरात आजही मोर, फुलं, वेलबुट्ट्या विणते आहे. काकांनी एक जुनं कार्ड धाकट्याच्या हातात दिलं. त्याने ते डोळ्यासमोर धरलं, भोकांतून मागाकडे बघितलं, आणि मोर सापडतो का ते शोधत राहिला. थोरलीने कापडावर इंच इंच वर सरकणारा मोराचा तुरा पकडला आणि भावाला ओढत नेऊन दाखवला.

सोलापुरात मुलांना दाखवायला काय आहे, असं सुट्टीत पाहुणे विचारतात, आणि आपण त्यांना हैदराबादची किंवा पुण्याची वाट दाखवतो. रामोजीला जरूर जावं. तिथे मुलांना जे मिळतं ते खरं आहे, आणि आमच्या घरात त्या सहलीच्या गप्पा अजून चालू आहेत. पण एखादी गोष्ट कशी बनते हे बघण्याची मुलांची भूक जिथे भागेल, अशा जागा आपल्याही गावात आहेत, आणि त्यांना तिकीट नाही. मालकांना आधी विचारा, मुलांचा हात घट्ट धरा, फिरत्या पट्ट्यांपासून लांब उभे राहा, आणि त्यांना हवा तेवढा वेळ बघू द्या.