बंधारा आणि बायोडाटा

राष्ट्रीय सेवा योजनेत मी नाव नोंदविले ते समाजसेवेच्या उमाळ्याने नव्हे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. आमच्या विद्यापीठात दोन वर्षे पूर्ण करणाऱ्या स्वयंसेवकाला दहा वाढीव गुण मिळत, आणि अभियांत्रिकीच्या गणिताने माझी अशी काही अवस्था केली होती की दहा गुणांसाठी मी याहून कठीण व्रतही आचरले असते. शिवाय वरच्या वर्गातील मुले सांगत, कॅम्पस इंटरव्ह्यूला येणाऱ्या कंपन्यांना नुसते गुण पुरत नाहीत, बायोडाटात ‘इतर उपक्रम’ लागतात. नाटकाला लागणारा आवाज मला नव्हता आणि क्रिकेटच्या संघात कोणी घेत नव्हते. उरली सेवा.

ही योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. बोधचिन्हात कोणार्कच्या रथाचे चाक. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. बोधवाक्याचा आशय ‘मी नव्हे, तुम्ही’ असा. हे सारे आमच्याकडून पहिल्याच दिवशी पाठ करवून घेण्यात आले. नियमाप्रमाणे वर्षाला १२० तास काम आणि दोन वर्षांत एक सात दिवसांचे निवासी शिबिर करावे लागे. तासांची नोंद एका वहीत होई. वृक्षारोपणाच्या एका सकाळी प्रत्यक्ष काम चाळीस मिनिटे झाले आणि वहीत चार तास मांडले गेले. कोणाला खटकले नाही. मलाही नाही.

आमचे शिबिर डिसेंबर २००७ मध्ये पुरंदर तालुक्यातील एका गावी झाले. शाळेच्या वर्गात मुक्काम, पहाटे प्रभातफेरी, रात्री ग्रामस्थांसमोर पथनाट्य, आणि दिवसभर ओढ्यावर वनराई बंधाऱ्याचे काम. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिमेंटची वा खताची रिकामी पोती घ्यायची, त्यांत वाळू-माती भरायची, तोंडे सुतळीने शिवायची आणि विटा रचाव्यात तशी सांधा मोडत ती प्रवाहात आडवी रचायची. पाऊस सरल्यावर ओढ्यातून वाहून जाणारे पाणी त्यामुळे अडते, शेजारच्या विहिरींना पाझर टिकतो आणि रब्बीच्या एखाद-दोन पाळ्या निघतात. पुढच्या पावसाळ्यात तो वाहून जातो; जावा अशीच अपेक्षा असते. मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ या संस्थेमुळे हे नाव महाराष्ट्रभर झाले. लागणारे भांडवल म्हणजे पोती आणि माणसे. माणसे आम्ही पन्नास होतो.

दोन दिवसांत बंधारा कमरेइतका उभा राहिला. फोटो झाले, सरपंचांनी नारळ फोडला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो मागे पाणी वीतभरही चढलेले नाही, आणि पुढच्या बाजूने वाळू उकळल्यासारखी हलते आहे. पाणी पोत्यांच्या खालून निघून चालले होते.

यातली खरी नामुष्की अशी की महिन्यापूर्वीच्या सत्रपरीक्षेत मी नेमके याच प्रश्नाचे उत्तर लिहून आलो होतो. गंगेवरील नरोऱ्याचा बंधारा १८९८ साली असाच खालून झिरपणाऱ्या पाण्याने निकामी झाला. त्यानंतर ब्लाय या अभियंत्याने १९१० मध्ये नियम मांडला: पायाखालून जाणाऱ्या पाण्याची वाट जितकी लांब, तितका त्याचा जोर कमी. भरड वाळूसाठी त्याने १२ हा गुणांक दिला आहे, म्हणजे एक मीटर पाणी अडवायचे तर खालची वाट बारा मीटर हवी. आमच्या बंधाऱ्याचा तळ जेमतेम दोन मीटर रुंद होता. (ब्लायच्या नियमातील उणिवा खोसलांनी १९३६ मध्ये दाखवून दिल्या, पण दोन मीटर खोसलांनाही पुरले नसते.) मला उत्तरपत्रिकेत ब्लाय आठवला होता. ओढ्यात आठवला नाही.

आठवला असेल तर माझ्या खोलीतल्या सोबत्याला, आणि तोही ब्लाय म्हणून नव्हे. तो बीडकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. त्या विषयात त्याची केटी लागली होती. त्याने मधली पोती उपसून काढायला लावली, मुरूम लागेपर्यंत चर खणला, गावातल्या दोघा वृद्धांना विचारून काळी माती आणवली, ती पाण्यात तुडवून चरात ठासली आणि मग पुन्हा पोती रचली. संध्याकाळपर्यंत पाणी गुडघाभर चढले. त्या दिवशी मी शाळेच्या ओट्यावर बसून शिबिराचा अहवाल लिहीत होतो, कारण माझे अक्षर बरे. गटप्रमुख म्हणून अहवालात नाव माझे होते.

ऑगस्ट २००८ मध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीने मुलाखती घेतल्या. बायोडाटात मी लिहिले होते, ‘बंधाऱ्याची आखणी व उभारणी यांचे नेतृत्व’. समोरचे गृहस्थ योगायोगाने मूळचे स्थापत्य शाखेचे निघाले. त्यांनी विचारले, खालून झिरप होऊ नये म्हणून काय केलेत? मी नरोरा सांगितला, ब्लाय सांगितला, गुणांक सांगितला, आणि मग म्हणालो, “म्हणून मी मुरुमापर्यंत चर खणून घेतला.” ‘मी’ म्हणताना जीभ जराही अडखळली नाही. गृहस्थ प्रसन्न झाले.

दोन केट्या असलेल्यांना त्या मुलाखतीला बसण्याची परवानगी नव्हती. सोबती बाहेर कट्ट्यावर थांबला होता. माझ्या पायांत बूट त्याचे होते. त्याने विचारले, काय विचारलं रे? मी म्हणालो, “असंच, जनरल.”

पुढच्याच महिन्यात लेहमन ब्रदर्स बुडाली, रुजू होण्याचे पत्र वर्षभर लांबले, आणि त्या वर्षभरात मी जी काही स्वतःची कीव केली ती सांगण्यासारखी नाही. सोबती दोन वर्षे उशिरा उत्तीर्ण झाला. तो गावी परतला आणि नाला-बंधाऱ्यांची लहान कंत्राटे घेऊ लागला.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या घरी गेलो असता रात्री अंगणात मी हे सारे त्याला सांगितले. बरेच मनात जुळवून गेलो होतो. त्याने ऐकून घेतले, आणि थोड्या वेळाने विचारले, “काळ्या मातीचं सांगितलंस का त्याला?”

नव्हते सांगितले. मला ते ठाऊकच नव्हते, मी ओट्यावर होतो. चर खणल्याचे तेवढे कानावर आले होते. मातीचे त्याने मला त्या रात्री प्रथम सांगितले, ती किती तुडवावी लागते इथपासून.