सकाळी आठच्या आधी

शनिवारची सकाळ, कर्जतचं घर, हातात चहा आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. सव्वासात वाजले होते.

"कोण रे एवढ्या सकाळी?" आईने विचारलं.

"ऑफिसचा."

अर्थात थाप! दोन क्रेडिट कार्डं थकली होती, सेटलमेंटची बोलणी चालू होती, आणि वसुलीवाले दिवसाला दहा-बारा फोन करत होते. रात्री दोनला सर्व्हर पडला तरी शांत असणारा मी, रिंग ऐकली की दचकायचो.

दुपारी बाइकवरून पनवेलला निघालो. वाटेत चौकजवळ एन. डी. स्टुडिओ लागतो. कला-दिग्दर्शक नितीन देसाई यांनी 2 ऑगस्ट 2023 ला इथेच आयुष्य संपवलं. त्यांच्या कंपनीची थकबाकी होती सुमारे 252 कोटी. नंतर खालापूर पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, कर्ज देणाऱ्यांनी आरोप नाकारले. दोष कुणाचा, हे ठरवणारा मी कोण? पण गाडी बाजूला लावून बराच वेळ बसलो. माझा आकडा तर फक्त साडेचार लाख होता, आणि तोसुद्धा मी घरात कुणाला सांगितला नव्हता.

रात्री आईला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "एवढंच ना? मला वाटलं काही आजारबिजार आहे."

मग डोकं चालायला लागलं. रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट 2022 चं परिपत्रक वाचलं. वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करायचे नाहीत, धमक्या द्यायच्या नाहीत, घरच्यांना-मित्रांना छळायचं नाही. एक वही केली: तारीख, वेळ, नाव, काय बोलला. बँकेकडे लेखी तक्रार केली. 30 दिवसांत दाद लागली नाही तर पुढे लोकपाल आहेच. आणि सेटलमेंटचं पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया भरला नाही.

आता क्रेडिट रिपोर्टवर 'क्लोज्ड' नाही, 'सेटल्ड' लिहिलंय. पुढचं कर्ज मिळणं अवघड. असो, घेतले होते तर भोगायलाही हवं.

पत्र यायच्या आदल्या आठवड्यात पुन्हा सव्वासातला फोन आला होता. मी अंघोळीला गेलो होतो. आईने उचलला.

"आठनंतर करा," म्हणाली, आणि ठेवून दिला.